मागचे दार, आतून कडी

किल्लीवाल्याला लोक संशयी म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. ज्याने तीस वर्षं लोकांची कुलपं उघडली, त्याने जगावर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर? भावाच्या कपाटाची किल्ली भावाने त्याच्याकडून करून नेली होती, सासूच्या पेटीची सुनेने नेली होती, आणि दोघंही जाताना म्हणाले होते, "कुणाला बोलू नका हं." तेव्हापासून तो ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत असे. बायको त्याला 'तपासनीस' म्हणायची. भाजीवाल्याने दोन टोमॅटो जास्त टाकले तर हा माणूस ते घरी येऊन कापून बघायचा, की आतून सडके तर नाहीत!

असा हा तपासनीस बँकेने जप्त केलेलं घर विकत घ्यायला निघाला, तेव्हा त्याच्या मेव्हण्याने कपाळावर हात मारला. "भाऊजी, जप्तीचं घर म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास. आणि त्या व्यवहारात शंभर खाचखळगे. तुम्हाला झोप लागेल का?"

"आत्ता तरी कुठे लागते?" किल्लीवाला म्हणाला.

तेही खरंच होतं. आठ महिन्यांपूर्वी बायको जिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती चाकांच्या खुर्चीत बसली ती बसलीच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं खुर्ची उचलून खाली आणायची आणि ती लाजेने डोळे मिटून घ्यायची. आठ महिन्यांत तिचे पाय रस्त्याला लागले नव्हते. तक्रार करत नव्हती, पण हल्ली खिडकीतही बसत नव्हती. एकदा तो म्हणाला, "जरा खाली बघत बस, करमेल." ती म्हणाली, "दुकानाच्या काचेतून मिठाई बघण्यासारखं आहे ते. नको." त्या दिवशी त्याने ठरवलं, तळमजल्याचं घर घ्यायचं, मग दुकान विकावं लागलं तरी चालेल.

आणि खरोखरच दुकान विकावं लागलं.

घर त्याच्या ओळखीचं होतं. बँक घरं जप्त करायला जाई तेव्हा कुलूप तोडायला आणि नवं लावायला यालाच बोलवत असे. दीड वर्षापूर्वी याच घराला त्याने बँकेचं कुलूप लावलं होतं. तिथे एक बाई पाळणाघर चालवायची. अर्धी गल्ली तिच्या मांडीवर झोपून मोठी झाली होती आणि सगळे तिला मावशी म्हणत. मुलाने धंद्यासाठी कर्ज काढलं, मावशीने घर तारण ठेवलं, धंदा बुडाला आणि मुलगा जो गेला तो परत आला नाही. जप्तीच्या दिवशी मावशी मागच्या दाराला पाठ लावून उभी होती. बँकेचा साहेब यादी करत होता. त्याने विचारलं, "काका, मागच्या दाराचं काय?" किल्लीवाल्याला त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना. त्याने लांबूनच सांगितलं, "आतून कडी आहे." साहेबाने लिहून घेतलं, 'मागचे दार, आतून कडी.' पुढच्या दाराला कुलूप ठोकलं आणि सगळे निघाले. मावशी शेजारच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

लिलाव रीतसर झाला. बँकेची कामं करणाऱ्याला बोली लावता येते का, हेही त्याने आधी लेखी विचारून घेतलं होतं. उद्या कुणी बोट दाखवायला नको. बोली त्याची लागली, चौथा हिस्सा त्याने भरला, म्हणजे दुकानाची झाडून सगळी रक्कम. उरलेले पैसे दुसऱ्या बँकेच्या कर्जातून यायचे होते, पण ती बँक म्हणत होती, घराचा ताबा मिळाल्याची पावती आणा, मगच पैसे सोडू. आणि अट अशी की तीस दिवसांत व्यवहार पुरा झाला नाही तर भरलेला चौथा हिस्सा बुडाला. म्हणजे दुकानही गेलं आणि घरही.

अशा व्यवहारांचं घोडं कुठे कुठे अडतं, हे त्याने बँकेच्या बाकावर बसून बसून पाठ केलं होतं. कुणाची जुनी पाणीपट्टी निघते, कुणाचा मोजणीवाला नेमका आजारी पडतो, कुणाचं विजेचं मीटर मेलेल्या माणसाच्या नावावर असतं. हा पठ्ठ्या प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती काढून मोकळा झाला. मोजणीवाल्याच्या तर घरीच जाऊन बसला, तेव्हा त्या बिचाऱ्याने जेवता जेवता तारीख दिली. दहा दिवसांत सगळं तयार! राहिला फक्त ताबा.

आणि ताबा काही मिळेना. साहेब म्हणाला, "पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात म्हणाला, "फाईल वर गेलीय." किल्लीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. फाईल वर जाते म्हणजे काय, तिला पंख फुटतात?

आता त्याची एक खोड सांगायला हवी. बँकेने एकदा एका घराच्या किल्ल्या हरवल्या आणि त्यानेच लावलेलं कुलूप त्याच्याकडूनच फुकटात तोडून घेतलं. तेव्हापासून बँकेसाठी लावलेल्या प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली तो गुपचूप घासून ठेवत असे. वापरली मात्र एकदाही नव्हती. आता बँकेच्या ताब्यातल्या घरात शिरणं म्हणजे गुन्हा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण एका दुपारी तो ती किल्ली घेऊन गेलाच. दारं मोजायची होती ना! पैसे भरल्यावर कळलं असतं की खुर्ची आत जात नाही, तर?

दार बत्तीस इंच भरलं. त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. "जाते गं खुर्ची. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं उरतात. आणि पायऱ्या दोनच आहेत, मी उतार करून घेतो. तू एकटी बाहेर जाशील, एकटी." एवढं बोलून त्याने फोन ठेवला, बराच वेळ नाक शिंकरलं आणि मग त्याचं लक्ष मोरीकडे गेलं.

मोरीत ओलं फडकं वाळत घातलं होतं.

दीड वर्ष बंद असलेल्या घरात ओलं फडकं! त्याने मान वळवली. फरशी स्वच्छ, बोट फिरवलं तर धुळीचा कण नाही. मागचं दार पाहिलं, कडी आतून घट्ट. खिडकीला गज, एका काचेच्या कोपऱ्यात जुना पुठ्ठा लावलेला. म्हणजे येणारा पुढच्या दारानेच येत होता, आणि त्याच्याकडे किल्ली होती.

निघताना त्याने कडीकोयंड्याला बायकोच्या शिवणातला दोरा बांधला, केसासारखा बारीक. दोन दिवसांनी पाहिलं, दोरा जसाच्या तसा. आत गेला, तर फडकं पुन्हा ओलं! दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बहुतेक कुणी दुसरीकडून येत असेल. पण किल्लीवाल्याचं डोकं तसं चालत नव्हतं. त्याने ताडलं की येणारा इतका बेरकी आहे की दोरा सोडतो आणि पुन्हा तसाच बांधून जातो.

आणि किल्ली होती कुणाकडे? साहेबाकडे. झालं, सगळं लख्ख दिसलं! साहेब दुसऱ्या कुणाला घर दाखवतोय, जास्त पैसे देणाऱ्याला. तारखा पुढे ढकलतोय. तीस दिवस संपू द्यायचे, म्हाताऱ्याचे पैसे घशात घालायचे आणि घर पुन्हा विकायचं. कुंपणच शेत खातंय!

रात्री तो बायकोला म्हणाला, "मी कुलूप बदलणार."

"अहो, बँकेचं कुलूप?"

"दिसायला तेच राहील. आतून वेगळं. हे कुलूप किल्लीशिवाय उघडायला मला स्वतःला तास लागतो, तिथे त्याची काय कथा! ताब्याच्या दिवशी सकाळी जाऊन जुनं परत लावीन. या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

"हात दाखवून अवलक्षण करू नका," ती म्हणाली. पण ऐकेल तो तपासनीस कसला?

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. साहेब बोलत होता. "काका, लगेच या. मी घराच्या दारातच उभा आहे. आत्ता ताबा देऊन टाकतो."

किल्लीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. जुनं कुलूप घरी, पलंगाखाली. नव्याची किल्ली खिशात. तो धावत सुटला, पण पोचला तोवर साहेब दारात घामाघूम झाला होता.

"काका, किल्ली फिरतच नाही. बघा बरं."

त्याने बघितल्यासारखं केलं. "गंजलं असेल."

"अहो, चकचकीत आहे की." साहेबाने कुलूप उलटसुलट केलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे आपलं कुलूप नाही. कुणीतरी बदललंय. आता आली का पंचाईत! म्हणजे घरात कुणीतरी घुसलंय. पोलिसांत अर्ज, पंचनामा, मग वरून हुकूम. तीन आठवडे तरी गेले."

"पण माझी मुदत परवा संपते!"

"म्हणून तर आलो ना!" साहेब जवळजवळ ओरडलाच. "आईच्या ऑपरेशनसाठी आजपासून रजा घेतलीय मी. सही मिळवायला दोन दिवस वरच्या मजल्यावर ठाण मांडून बसलो होतो. म्हटलं, काकांचं काम उरकून मग गाडीला बसू. आणि इथे ही माशी शिंकली."

पायरीवर खरोखरच साहेबाची प्रवासाची बॅग होती. किल्लीवाल्याने त्या बॅगेकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. या पोराला तो महिनाभर चोर समजत होता.

खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. बाहेर काढावी, तर बँकेच्या घरात चोरून शिरल्याचा गुन्हा. सौदा रद्द, पैसे जप्त, बँकेचं कामही गेलं. नाही काढावी, तर तीन आठवडे, म्हणजे पुन्हा तेच. आणि तिसऱ्या मजल्यावर ती सकाळपासून केस विंचरून बसली होती. आज काहीतरी कळेल म्हणून.

दोष दुसऱ्या कुणाचाच नव्हता. इतके अडथळे याने एकेक करून दूर केले आणि शेवटचा स्वतःच्या हाताने दाराला लटकवला. आता खरं बोलावं, निदान या पोराची गाडी तरी चुकणार नाही, असं म्हणून त्याने खिशात हात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ते कुलूप माझं आहे."

मावशी उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला.

"तुमचं?" साहेब उडालाच. "मावशी, का पण?"

"तीस वर्षं राहिले त्या घरात. वाटलं बदलावं, बदललं."

"मग किल्ली द्या."

"हरवली." मावशीने शांतपणे सांगितलं. "म्हाताऱ्या माणसाच्या वस्तू हरवतातच."

किल्लीवाल्याचा हात खिशातच राहिला. पहिला विचार आला तो हाच, की हिला काय हवंय? आता ही काय मागेल? सवय ती, जाता जात नाही.

साहेबाने कपाळावरचा घाम पुसला. "मावशी, तुम्ही एक कागद लिहून द्याल? आत माझी काही वस्तू नाही, हक्क नाही, ताबा राजीखुशीने सोडते म्हणून. मग कुलपाचा प्रश्नच मिटतो. पण वकिलाला विचारायचं असेल तर विचारा. मी जबरदस्ती करणार नाही."

"वकिलाला कधीच विचारलंय," मावशी म्हणाली. "पेन द्या."

तिने भिंतीला कागद टेकवून सही केली. सावकाश, एकेक अक्षर. साहेबाने कागद दोनदा वाचला आणि छातीशी धरला. "काका, असा कागद आम्हाला आजवर एकाही जुन्या मालकाने दिलेला नाही. चला, उघडा आता. पण हे तर ते कुलूप दिसतंय, जे मागे एका जप्तीत मला दाखवून, याला किल्लीशिवाय तास लागतो म्हणाला होतात. माझी गाडी दीडला आहे."

"बघतो," म्हणत किल्लीवाल्याने दोघांकडे पाठ केली, हत्यारांची पिशवी खुळखुळवली, तारेचे दोन आकडे उगाच आत-बाहेर केले, एकदा "हट् लेका" म्हणाला आणि हळूच किल्ली फिरवली. अर्ध्या मिनिटात कुलूप उघडलं.

"कमाल आहे!" साहेब म्हणाला. मावशीला जोराचा खोकला आला.

आत साहेबाने यादी काढली. खिडक्या सहा, पंखे दोन, मागचे दार, आतून कडी. सगळ्यावर बरोबरच्या खुणा केल्या, सह्या घेतल्या, पावती किल्लीवाल्याच्या हातात ठेवली आणि बॅग उचलून पळाला. आता पावती दाखवली की दुसरी बँक पैसे सोडणार होती, मुदतीच्या दोन दिवस आधी.

घरात दोघंच उरले. किल्लीवाल्याने मुठीतली किल्ली पुढे धरली. म्हणाला, "मावशी, कुलूप मी बदललं होतं."

"माहीत आहे. बघत होते मी."

"कुठून?"

ती स्वयंपाकघरात गेली. मागची कडी काढून बाहेर पडली, दार ओढून घेतलं. मग खिडकीतला तो जुना पुठ्ठा बाजूला सरकला, काचेच्या फुटक्या कोपऱ्यातून एक सुरकुतलेला हात आत आला, वळला आणि कडी लागली. पुन्हा वळला आणि कडी निघाली. मावशी आत आली.

"पाळणाघरातल्या एका पोराने चेंडू मारून फोडली होती. मग काच बसवलीच नाही. शाळा लवकर सुटली की पोरं अशीच यायची. या गल्लीतल्या शंभर पोरांना ही कडी येते. एवढं मोठं तुमचं कुलूप, आणि तुम्हीच नाही पाहिलंत."

किल्लीवाल्याने फुटक्या काचेत बोट घालून बघितलं.

"त्या दिवशीही नाही पाहिलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण शब्द लागायचे तिथे लागले. "मी इथेच उभी होते. तुम्ही लांबूनच सांगितलंत, आतून कडी आहे. माझ्याकडे बघितलं असतंत, तर माझ्यामागची खिडकी दिसली असती."

"बघवलं नाही, मावशी."

"हं." तिने मोरीतलं फडकं उचलून घडी घातली. "वकील म्हणाला होता, कुणी कुलपाला हात लावला, आत शिरलं, तर लगेच कळव. विक्री अडकवू, वर्षभर निघेल. मी रोज यायचे, फरशी पुसायचे आणि वाट बघायचे, की घेणारा काय चूक करतोय. आणि तुम्ही आलात, ती मोजायची फीत घेऊन. मी सामानाच्या खोलीत लपले. फोनवर बायकोला काय सांगितलंत, ते ऐकलं. मग तुम्ही रडलात."

"नाक शिंकरलं."

"बरं, नाक शिंकरलंत." ती पहिल्यांदा हसली. "त्या रात्री वकिलाला फोन करायला बसले होते. नंबरही लावला. मग म्हटलं, मला इथे येऊन वर्षभर फरशी पुसायला मिळेल, आणि ती बाई वर्षभर वरच बसेल. ठेवून दिला फोन."

ती फडकं पिशवीत घालून पुढच्या दाराने गेली. पुढच्या दाराने ती दीड वर्षात पहिल्यांदाच बाहेर पडत होती.

पंधरा दिवसांनी किल्लीवाला बायकोला घेऊन राहायला आला. पुढच्या दाराला त्याने स्वभावाप्रमाणे तीन कुलपं लावली. उतार केला. पहिल्या संध्याकाळी बायको एकटी कोपऱ्यापर्यंत जाऊन आली आणि काहीही न घेता पिशवी हलवत परतली. खिडकीसाठी मापाची काच कापून आणली होती, ती भिंतीला टेकवून ठेवलेली.

"बसवा की, तपासनीस," बायको म्हणाली. त्याने तिला सगळं सांगितलं होतं.

"बघू," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने काच कपाटामागे सरकवली आणि कामावर गेला.

दुपारी बायकोचा फोन आला. अगदी हळू बोलत होती. "अहो, मागच्या खिडकीतून कुणीतरी हात घातलाय."

त्याचा हात हत्यारांच्या पिशवीकडे गेला. तीस वर्षांची सवय ती. "कसा आहे हात?"

"म्हाताऱ्या बाईचा. फडकं आहे हातात. कडीपर्यंत आलाय आणि तिथेच थांबलाय. मी आहे, हे बहुतेक कळलंय त्यांना. आता परत मागे घेतायत."

"मागे घेऊ देऊ नकोस!" तो भर रस्त्यात ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सांग त्यांना, कडी ओढा. जोर लावायची गरज नाही म्हणावं. सकाळीच तेल घातलंय."